फोर्ड फाल्कन जीटी

फोर्ड मोटार कंपनीच्या ऑस्ट्रेलियातील शाखेने 1967 ते 1976 या काळात तयार केलेली वेगवान प्रवासी मोटारगाडी. ‘जीटी’ ही ‘ग्रँड टूरिंग’ म्हणजे लांब पल्ल्याचा जलद व सुखकर प्रवास या अर्थाच्या संज्ञेची आद्याक्षरे होत. यूरोपात ही संज्ञा बहुधा दोन दारांच्या, बंद छताच्या व महागड्या गाड्यांना लावीत. फाल्कन मात्र मुलाबाळांसह कुटुंबाने प्रवासास न्यावी अशी चार दारांची गाडी होती. शर्यतींतील तिच्या कर्तृत्वाचे आणि संग्राहकांना तिच्याविषयी वाटणाऱ्या ओढीचे मूळ या विसंगतीतच आहे. लंडन–सिडनी शर्यतीत भाग घेताना 1968 च्या डिसेंबरमध्ये अशा तीन गाड्या मुंबईत आल्या होत्या; त्यामुळे मुंबईच्या मोटार-इतिहासाशीही तिचा संबंध येतो.

ऑस्ट्रेलियात फाल्कनचे उत्पादन 1960 मध्ये सुरू झाले. पोलिसांना पाठलागासाठी व्ही-आकाराच्या आठ सिलिंडरांच्या एंजिनाच्या गाड्या पुरविल्या जात. त्याच धर्तीवर 1967 मध्ये सु. 4.7 लिटर एंजिनाची पहिली फाल्कन जीटी बाजारात आली. या पहिल्या प्रतिकृतीच्या बहुतेक गाड्या सोनेरी रंगाच्या होत्या. त्याच वर्षी सिडनीच्या पश्चिमेस असलेल्या बॅथर्स्ट येथील 500 मैलांच्या (सु. 800 किमी.) शर्यतीत हॅरी फर्थ व फ्रेड गिब्सन यांची फाल्कन जीटी विजयी ठरली. निशाण प्रथम दुसऱ्याच फाल्कनला दाखविण्यात आले होते. फेऱ्यांची पुन्हा मोजणी केल्यावर निकाल बदलला. ही शर्यत माउंट पॅनोरमा या डोंगरावरील सार्वजनिक रस्त्यावर होते आणि चढउतारामुळे तेथे एंजिनाइतकीच गतिरोधकांचीही कसोटी लागते. सर्वसामान्य ग्राहकाला दुकानात विकत मिळेल तीच गाडी शर्यतीत उतरवावी, असा त्या काळी नियम होता. साहजिकच उत्पादकांची चढाओढ केवळ शर्यतमार्गावर न राहता विक्रीच्या दालनापर्यंत पोहोचली.

लंडन–सिडनी शर्यत ही वेगापेक्षा टिकाऊपणाची परीक्षा होती. लंडनचे डेली एक्स्प्रेस व सिडनीचे डेली टेलिग्राफ या वृत्तपत्रांनी ती पुरस्कृत केली होती. 24 नोव्हेंबर 1968 रोजी लंडनहून 98 गाड्या निघाल्या आणि पॅरिस, बेलग्रेड, इस्तंबूल, तेहरान, काबूल व दिल्ली या मार्गाने सु. 11,000 किमी. अंतर तोडून त्यांपैकी 72 मुंबईस पोहोचल्या. काबूल व सरोबी यांमधील लताबंद खिंडीचा खडबडीत रस्ता आणि भारतात रस्त्याच्या दुतर्फा लोटलेली माणसांची गर्दी या दोन गोष्टी या टप्प्यात विशेष लक्षात राहण्याजोग्या ठरल्या. एक भारतीय चमूही शर्यतीत होता. मुंबई हे आशियातील टप्प्याचे अखेरचे ठाणे होते. येथून ‘चुसान’ या प्रवासी बोटीने गाड्या ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल बंदरात नेण्यात आल्या. (खाडीपलीकडील नवी मुंबई तेव्हा अस्तित्वात नव्हती, ती वसविणाऱ्या ‘सिडको’ची स्थापना 1970 मधील आहे.)

मुंबईकरांना हा देखावा अपूर्व वाटला असल्यास नवल नाही. परदेशी गाड्यांच्या आयातीवर त्या काळी कडक निर्बंध होते आणि शहरातील रस्त्यांवर कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातील फियाट 1100 हीच गाडी मुख्यतः दिसे. तिचे एंजिन 1,089 घ. सेंमी. क्षमतेचे, तर आलेल्या फाल्कन गाड्यांचे सु. 4.9 लिटरचे, म्हणजे साडेचार पट मोठे होते. असे असूनही मुंबईस आघाडीवर होती ती रॉजर क्लार्क व ओव्हे अँडरसन यांची लहानशी लोटस कॉर्टिना. ऑस्ट्रेलियातील टप्प्यात ती नादुरुस्त झाल्यामुळे मागे पडली. नंतर आघाडी मिळविलेल्या ल्यूस्यँ ब्यांकी यांच्या सिट्रोएनला सिडनी जवळ आली असताना अपघात झाला आणि अँड्र्यू कोवन यांच्या चमूची हिलमन हंटर ही साधी गाडी पहिली आली. शर्यत पूर्ण केलेल्या 56 गाड्यांत तिन्ही फाल्कन जीटी होत्या. त्यांना तिसरा, सहावा व आठवा क्रमांक मिळाला आणि सांघिक पारितोषिकही त्यांनीच पटकाविले. यूरोपात फारशा ठाऊक नसलेल्या या गाडीचा टिकाऊपणा त्यामुळे सिद्ध झाला.

संघाचा प्रमुख आणि आठव्या क्रमांकाच्या गाडीचा चालक असलेल्या फर्थची जागा फोर्डने लवकरच दुसऱ्याला दिली. तो प्रतिस्पर्धी होल्डन कंपनीच्या संघाकडे गेला व 1969 मध्ये त्याच्याच देखरेखीखालील होल्डन मोनॅरोने बॅथर्स्ट येथे फोर्डला हरविले. फोर्डने त्या वर्षी आणलेल्या ‘जीटी-एचओ’ या अधिक शक्तिमान प्रकाराला टायरांनी दगा दिला होता. 1970 व 1971 मध्ये मात्र ॲलन मॉफट याने सहचालकाविना ही शर्यत लागोपाठ जिंकली. 1971 ची त्याची गाडी ‘फेज थ्री’ या नावाने ओळखली जाते. 5.8 लिटर एंजिनाची, ताशी सु. 228 किमी. वेगाची ही गाडी त्या वेळी जगातील सर्वांत वेगवान चार दारी उत्पादित गाडी मानली जाई. ती केवळ 300 च्या संख्येने तयार झाली.

जो नियम तिच्या उत्कर्षास कारण झाला, त्यानेच तिचा शेवटही घडविला. शर्यतीची गाडी कोणाही ग्राहकाला मिळणार असेल, तर ती नवशिक्या तरुणाच्या हातीही पडणार, ही भीती निराधार नव्हती. जून 1972 मध्ये सिडनीच्या सन-हेरल्ड वृत्तपत्राने ताशी 160 मैल वेगाच्या गाड्या लवकरच रस्त्यावर येणार असल्याचे वृत्त ठळकपणे छापले. मंत्र्यांनी आक्षेप घेतले व काही दिवसांतच तिन्ही मोठ्या उत्पादकांनी आपापल्या योजना सोडून दिल्या. ‘फेज फोर’च्या चारच गाड्या तयार झाल्या होत्या. 1973 पासून नियम बदलून शर्यतीपुरते फेरबदल करण्यास मुभा देण्यात आली. त्या व पुढील वर्षी दोन दारांच्या फाल्कन जीटीने बॅथर्स्ट जिंकले खरे. पण दुकानातील व शर्यतीतील गाडीचे अभिन्नत्व संपले होते. मॅड मॅक्स (1979) या चित्रपटातील काळ्या गाडीमुळे तिची कीर्ती ऑस्ट्रेलियाबाहेर पसरली.

नवी असताना पाच हजार डॉलरांच्या आसपास मिळणाऱ्या ‘फेज थ्री’ला 2018 मधील लिलावात दहा लाखांहून अधिक ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले. ऑस्ट्रेलियात फोर्डचे मोटार-उत्पादन 2016 मध्ये बंद पडल्यानंतर तिला स्मारकाचेही मोल आले आहे. मात्र साध्या फाल्कनचाच सांगाडा वापरला असल्यामुळे तिची नक्कल करणे सोपे जाते. म्हणून सांगाड्यावरील व एंजिनावरील क्रमांक, कारखान्याच्या ओळखपट्टीवरील सांकेतिक अक्षरे आणि पूर्वीच्या मालकांची कागदपत्रे ताडून पाहिल्याशिवाय जाणकार खरेदी करीत नाहीत. शर्यतीत धावलेल्या गाडीचे पत्रे, एंजिने वेळोवेळी बदललेली असतात; त्यामुळे सर्वाधिक इतिहास असलेल्या गाडीत मूळ भाग सर्वांत कमी, असेही घडते. भारतात पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी 2021 मध्ये स्वतंत्र नोंदणीचे नियम झाले व त्यांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात. 1967 ते 1974 मधील सर्व फाल्कन जीटी आता त्या वयोमर्यादेत बसतात. आणि सुकाणू उजवीकडे असल्यामुळे येथील रस्त्यांवर त्या चालविणेही सोयीचे आहे.