एसक्यूएल अंतःक्षेपण

एसक्यूएल अंतःक्षेपण : संकेतस्थळावरील अर्जाच्या रकान्यात माहितीऐवजी आज्ञेचा तुकडा भरून त्यामागील माहितीसंचाकडून अनधिकृत काम करवून घेण्याचा प्रकार. एसक्यूएल ही माहितीसंचाला पृच्छा करण्याची भाषा होय. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या संबंधात्मक प्रतिमानाच्या आधारे डॉनल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी आयबीएम कंपनीत तिचा पहिला आराखडा सिद्ध केला (१९७४). त्या काळी पृच्छा करणारा बहुधा संस्थेतीलच माणूस असे. संकेतस्थळांच्या प्रसारानंतर मात्र कोणाही अनोळखी व्यक्तीने लिहिलेली अक्षरे थेट पृच्छेत जाऊ लागली.

समजा, नारायणगाव, मंचर इ. ठिकाणचे बाजारभाव दाखविणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर तालुक्याचे नाव विचारले जाते. ‘जुन्नर’ असे लिहिल्यास आज्ञावली त्या नावाभोवती अवतरणचिन्हे घालून पृच्छा तयार करते व जुन्नरच्या नोंदी मिळतात; ‘आंबेगाव’ लिहिल्यास आंबेगावच्या. परंतु कोणी जुन्नर या शब्दापुढे अवतरणचिन्ह स्वतःच पुरे करून ‘किंवा १ = १’ ही सदासत्य अट जोडली, तर माहितीसंच ती आज्ञाच समजतो आणि सर्व तालुक्यांच्या नोंदी पुढे ठेवतो. बाजारभाव उघडच असतात. पण त्याच संचात शेतकऱ्यांचे बँक-खाते क्रमांक असतील, तर तेही याच वाटेने बाहेर पडू शकतात.

जेफ फॉरिस्टल यांनी डिसेंबर १९९८ मध्ये टोपणनावाने फ्रॅक या नियतकालिकात या दोषाचे पहिले प्रसिद्ध विवरण केले. काहींनी अवतरणचिन्हालाच बंदी घातली. हा उपाय अडाणीपणाचाच म्हटला पाहिजे, कारण वसई व गोव्याकडील डिसूझासारखी आडनावे रोमन लिपीत त्या चिन्हाशिवाय नीट लिहिता येत नाहीत. खरा उपाय म्हणजे पृच्छेचा साचा आधी ठरवून माहिती स्वतंत्रपणे पुरविणे. रेल्स (२००४), जँगो (२००५) इ. आज्ञावली-चौकटींनी तो अंगभूत केल्याने सामान्य आज्ञावलीकाराचे काम सुकर झाले.

तथापि चौकटच सदोष असल्यास तिच्यावर विसंबणारे सर्वच उघडे पडतात. ड्रुपल ७ मध्ये नेमके हेच घडले. तीत माहिती वेगळी ठेवली जाई. परंतु माहितीच्या यादीतील घटकांची नावे, जी बाहेरूनच येत, ती तशीच साच्यात घातली जात. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी हा दोष जाहीर झाला व ७.३२ या आवृत्तीत दुरुस्त करण्यात आला. सुमारे सात तासांच्या आत दुरुस्ती न केलेले प्रत्येक संकेतस्थळ हल्लेखोरांच्या हाती गेले असे समजावे, असा इशारा ड्रुपलच्या सुरक्षा पथकाने दोन आठवड्यांनी दिला. २०२३ मध्ये मूव्हइट या फाइल-वहन प्रणालीतील अशाच दोषामुळे जगभरातील अनेक संस्थांची माहिती चोरीस गेली.