पाठ टेकली का?

आमच्या मोडनिंबच्या बाजूला जत्रेतल्या कुस्तीत पूर्वी गुण नसायचे. पाठ मातीला लागली की चीतपट, नाहीतर बरोबरीत सोडवली. भांडणं तेव्हाही व्हायची म्हणा! पण आता मातीवरही गुण मोजतात.

जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात महाराष्ट्र केसरीच्या माती विभागात मोहोळचा सिकंदर शेख आणि मंगळवेढ्याकडचा महेंद्र गायकवाड भिडले. दोघेही आपल्याच जिल्ह्यातले. महेंद्रच्या बाहेरच्या टांगेला चार गुण मिळाले. सिकंदर धोक्याच्या स्थितीत गेलाच नव्हता, दोनच द्यायला हवे होते, असा गदारोळ झाला. महेंद्र जिंकला.

फेब्रुवारी २०२५, अहिल्यानगर. गादी विभागात शिवराज राक्षेला पृथ्वीराज मोहोळविरुद्ध चीतपट ठरवलं. पाठ टेकलीच नाही म्हणत त्याने पंचांना लाथ मारली. आणि अंतिम लढतीत गुणावरून चिडून आखाडा सोडून गेला कोण? तोच महेंद्र! दोघांवर तीन वर्षांची बंदी आली.

लाथेचं समर्थन मी करणार नाही. १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांना नियमाची अर्ध्या तासाची विश्रांती न देताच पुढच्या कुस्तीला उभं केलं. दाद मागायला आपला एकही अधिकारी तिथे नव्हता. ते लढले, कांस्यपदक घेऊन आले.

पण अहिल्यानगरला तर सगळे अधिकारी हजर होते. आम्ही मास्तर लोक गुण कुठे कापले ते मुलाला पेपर उघडून दाखवायचो. चित्रफीत तिथेच पडद्यावर लावायला कितीसा वेळ लागला असता?