अण्णांचा ताळा

दिवाळीत हदगावला गेलो होतो. माळा आवरताना लाल बासनात बांधलेली एक रोजकीर्द सापडली. अण्णांची. त्यांना जाऊन आता आठ वर्षं झाली, पण ते अक्षर बघितलं आणि आवरणं तिथेच थांबलं. तेवढ्यात पुतणी आली. ती सध्या अकरावीत आहे आणि तिला सगळ्यांच्या नोकऱ्यांची चौकशी करायची फार हौस. "काका, तुम्ही ऑफिसात नेमकं काय काम करता हो?"

"अण्णा करायचे तेच. ताळा पाहतो."

तिला वाटलं मी टाळतोय. खरं तर इतकं नेमकं उत्तर मी आजवर कुणाला दिलं नव्हतं. चिपच्या आतल्या मेमरीत जे लिहिलं तेच परत वाचलं जातंय का, आणि नसेल तर चूक कुठे झाली, हे शोधणारा भाग मी डिझाइन करतो. नातेवाईक मंडळी "कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढ्यावर समाधान मानतात, म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

आधी ताळा. आमच्या पिढीला शाळेत गुणाकार झाला की नवाचा ताळा पाहायला लावत. आकड्यातले अंक मिळवायचे, नऊ टाकून द्यायचे, उरलेल्या अंकांवर तोच गुणाकार करून बघायचा. जुळलं तर उत्तर बहुतेक बरोबर. ही युक्ती फार जुनी आहे. दहाव्या शतकाच्या सुमारास दुसऱ्या आर्यभटाने 'महासिद्धांत' या ग्रंथात ती दिली आहे. पण त्या 'बहुतेक'मध्येच सगळी गोम आहे, आणि ती आमच्या घराला चांगलीच कळली.

अण्णा एका जिनिंगवर हिशेबनीस होते. मी सातवीत असताना एका संध्याकाळी गल्ल्यात ३६० रुपये कमी भरले. अण्णांनी वहीतली सगळी बेरीज पुन्हा केली, ताळा पाहिला. ताळा जुळत होता! वही बरोबर आणि पैसे कमी, याचा अर्थ मालकाने सोपा काढला. रक्कम पगारातून कापली आणि चार माणसांत एक शब्द उच्चारला, तो मी इथे लिहीत नाही.

अण्णा दोन रात्री जागले. तिसऱ्या दिवशी सापडलं. एका शेतकऱ्याला कापसाचे १८४० रुपये दिले होते आणि वहीत पडले होते १४८०. आता बघा, दोन्हीच्या अंकांची बेरीज तेराच! अंकांची अदलाबदल नवाच्या ताळ्याला कधीच दिसत नाही. पण जुन्या हिशेबनीसांना आणखी एक गोष्ट ठाऊक असते: फरकाला नवाने भाग जात असेल तर आधी अदलाबदल शोधायची. ३६० भागिले ९ म्हणजे ४०. म्हणजे दशक आणि शतकाची अदलाबदल, आणि त्या दोन अंकांत फरक चारचा. मग हजार नोंदी चाळायची गरज नाही, पाच-दहाच उरतात. अण्णांना हे आठवलं ते तिसऱ्या दिवशी, कारण पहिले दोन दिवस डोक्यात तो शब्द घुमत होता. पैसे परत मिळाले. शब्द काही कुणी परत घेतला नाही.

चूक झाली आहे हे कळणं एक, आणि कुठे झाली हे कळणं वेगळं. माझा सगळा धंदा या दोन गोष्टींमधल्या अंतरावर चालतो.

हेच अंतर १९४७ साली अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये रिचर्ड हॅमिंग नावाच्या गणितज्ञाला खुपत होतं. तिथल्या रिलेवर चालणाऱ्या यंत्राला चूक कळायची, पण दुरुस्त करता यायची नाही. शनिवार-रविवारी यंत्राजवळ माणूस नसे, त्यामुळे चूक आढळली की यंत्र ते गणित सोडून पुढचं घ्यायचं. लागोपाठ दोन शनिवार-रविवार हॅमिंगची गणितं अशीच अर्धवट पडली. तो चिडला, आणि त्या चिडण्यातून निघालेला लेख १९५० साली छापून आला.

त्याची युक्ती सांगतो. (ज्यांना गणिताचा कंटाळा आहे त्यांनी हा परिच्छेद गाळला तरी चालेल.) सात जागा घ्या. ३, ५, ६, ७ या जागांवर आपली माहिती आणि १, २, ४ या जागांवर ताळे. प्रत्येक ताळा ठरावीक चार जागांतले 'एक' मोजतो, ते सम असले पाहिजेत. पाचवी जागा फक्त पहिल्या आणि चौथ्या ताळ्यात येते, कारण १ आणि ४ मिळून ५. आता हे दोनच ताळे बिघडले तर चूक कुठे? १ + ४, पाचव्या जागी. बिघडलेले ताळे स्वतःच पत्ता सांगतात! आणि बिट शून्य किंवा एकच असू शकतो, म्हणून पत्ता कळला की दुरुस्ती झालीच. उलटा करायचा, बस्स.

नांदेडला इंजिनिअरिंगला असताना मी हे ब्रेडबोर्डवर बांधलं होतं. ७४८६ या एक्सॉर गेटच्या पाच आयसी, आणि पत्ता उलगडायला एक ७४१३८. पहिल्यांदा चालू केलं तर सगळे दिवे उलटे! दोन दिवस डोकं धरून बसलो. मग लक्षात आलं, ७४१३८ निवडलेल्या जागेवर शून्य देते आणि बाकी सगळीकडे एक. म्हणजे माझं सर्किट चुकलेला बिट सोडून बाकीचे सगळे 'दुरुस्त' करत होतं. मध्ये एक ७४०४ टाकली आणि काम झालं.

सुट्टीत तो बोर्ड घरी आणला. अण्णा बघत उभे राहिले. "काय करायलास रे?" मी एक वायर उपटून भलतीकडे लावली. दिवा तसाच राहिला. त्यांनी स्वतः दुसरी वायर हलवली, तरी तसाच. "याला कसं कळलं कुठं चुकलं ते?" मी सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग दोन वायरी एकदम हलवल्या आणि दिवे चुकले. "दोन चुका झाल्या की हा बी फसतो," ते म्हणाले.

अगदी बरोबर! दोन चुका झाल्या की हॅमिंगचं सर्किट नुसतं फसत नाही, ते आत्मविश्वासाने तिसराच बिट बदलतं. जिनिंगच्या मालकासारखं. म्हणून खऱ्या मेमरीत आणखी एक ताळा घालतात: एक चूक असेल तर दुरुस्त कर, दोन असतील तर हात लावू नकोस, फक्त 'चुकलंय' म्हण. ६४ बिटांना ८ ताळ्यांचे बिट, एकूण ७२. आयबीएमच्या एम. वाय. शाओ यांनी १९७० साली याची सुटसुटीत मांडणी दिली. प्रत्येक बिट विषम संख्येच्या ताळ्यांत बसवायचा. एक बिट चुकला तर बिघडलेल्या ताळ्यांची संख्या विषम येते, दोन चुकले तर सम. शिवाय गेट सगळ्या ताळ्यांत सारखे वाटले जातात, म्हणून उत्तर लवकर येतं. आजही रोजच्या कामात मी याच मांडणीच्या नात्यागोत्यात असतो.

आता थोडं आपल्या माणसाबद्दल. हदगावातून जाणारा रस्ता नांदेडहून नागपूरला जातो. त्याच नागपूरच्या सायन्स कॉलेजात शरदचंद्र शंकर श्रीखंडे शिकले आणि पुढे त्यांनी नागपुरात शिकवलंही. जन्म १९१७ चा, सागरचा. अमेरिकेत राजचंद्र बोस यांच्या हाताखाली १९५० साली पीएच.डी. १९५९ च्या एप्रिलमध्ये बोस, श्रीखंडे आणि पार्कर यांनी ऑयलरचं १७८२ पासूनचं एक अनुमान खोटं ठरवलं आणि ती बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर आली. हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण त्याच वर्षी बोस आणि श्रीखंडे यांनी कोड कसे रचावेत यावरही एक लेख लिहिला, त्याची आठवण फारशी कुणी काढत नाही. हॅडामार्ड मॅट्रिक्स आणि चुका सहन करणारे कोड यांचं नातं त्यात दाखवलं आहे.

कल्पना गावाकडची आहे. शेताच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारायची असेल तर रमेश, सुरेश, महेश असली नावं घोटाळा करतात. 'पांडुरंग' अर्धंमुर्धं ऐकू आलं तरी कळतं. शब्द एकमेकांपासून जितके लांब, तितक्या चुका पचतात. हॅडामार्ड मॅट्रिक्सच्या कुठल्याही दोन ओळी बरोबर अर्ध्या जागी वेगळ्या असतात. त्याच कुळातला कोड १९७१ साली मरिनर ९ या यानाने मंगळाचे फोटो पाठवताना वापरला. सहा बिटांसाठी बत्तीस बिट पाठवायचे, त्यातले सात चुकले तरी चित्र शाबूत! श्रीखंडे पुढे १९६३ ते १९७८ मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख होते. २०२० च्या एप्रिलमध्ये, १०२ व्या वर्षी ते गेले.

बिट आपोआप कसा चुकेल, असं पुतणीने विचारलंच. १९७८ साली इंटेलच्या मे आणि वूड्स यांनी दाखवलं की चिपच्या वेष्टनातल्या किंचित किरणोत्सारी अंशांमुळेही मेमरीतले बिट उलटतात. अवकाशातून येणारे किरणही हेच करतात. २००३ साली बेल्जियममध्ये स्खारबेक इथे मतमोजणीत एका उमेदवाराला ४०९६ मतं जास्त पडली. शक्य होती त्याहून जास्त, म्हणून लक्षात आलं. ४०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात. फरक बघूनच तज्ज्ञांनी ओळखलं की एकच बिट उलटला असावा. अण्णांचे ३६० आठवले की नाही?

आणि अण्णांची अदलाबदल? तिच्यावरही इलाज निघाला. १९६९ साली व्हरहॉफ या डच गणितज्ञाने असा ताळ्याचा अंक शोधला की एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटे पडले तरी तो हमखास पकडतो. आपल्या आधारचा बारावा अंक तोच आहे. पहिला आधार दिला गेला तोही महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत, २९ सप्टेंबर २०१० रोजी.

पुतणीने हे सगळं ऐकून घेतलं आणि वही मागितली. ३६० ला नवाने भागून तिने ती नोंद शोधायला घेतली. दहा मिनिटांत सापडली. १४८० वर एक बारीक रेघ, खालचा आकडा वाचता येईल अशी. वर लाल शाईत १८४०, शेजारी अण्णांची सही आणि तारीख. रबर लावायचं नाही, ओढलेली रेघ दिसली पाहिजे, असं ते नेहमी सांगायचे. आमच्या चिपमध्येही एक रजिस्टर असतं, किती चुका दुरुस्त केल्या ते मोजून ठेवणारं. मी मन लावून डिझाइन करतो ते.

वही मी सोबत पुण्याला आणली आहे.