सोन्याचा कस

मिश्रधातूत निव्वळ सोने किती, याचे वजनी प्रमाण म्हणजे कस. सराफ बाजारात त्यालाच टंच म्हणतात. ते २४ भागांत (कॅरट) किंवा हजार भागांत सांगतात. २२ कॅरट म्हणजे हजारांत ९१६, १८ कॅरट म्हणजे ७५०. शुद्ध सोने फार मऊ, त्यामुळे दागिन्यात तांबे किंवा चांदी घालावीच लागते. गिऱ्हाईक नागवले जाते ते बोललेल्या कसापेक्षा हिणकस माल हाती पडतो तेव्हा.

कसोटी हा काळा, बारीक पोताचा, आम्लाला दाद न देणारा दगड. त्यावर डाग घासायचा, शेजारी माहीत असलेल्या कसाच्या सळईची रेघ ओढायची आणि दोन्हींवर तेजाब लावायचे. हिणकस रेघ आधी विरते. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त कसोटीवरच्या रेघेची परीक्षा आहे आणि नखात दडवलेली गेरूची पूड रेघेवर भुरभुरवण्याच्या लबाडीबद्दल इशाराही आहे.

सराफी पेढ्यांवर आता क्ष-किरण यंत्र दिसते. दागिना न मोडता ते क्षणांत आकडा देते, पण किरणांची झेप वरच्या काही मायक्रॉनपुरतीच. जाड मुलामा त्याला सहज फसवतो. घनताही पुरेशी नाही, कारण टंगस्टनची घनता (१९.२५) सोन्याच्या (१९.३) अगदी जवळ आहे.

म्हणून शेवटचा शब्द आजही आगीचाच. अचूक तोललेला नमुना चांदीसह शिशाच्या पत्र्यात गुंडाळून सच्छिद्र मुशीत, सुमारे १,००० ते १,१०० अंश सेल्सिअसला तापवतात. शिसे जळताना तांब्यासारख्या हलक्या धातूंना घेऊन मुशीत मुरते; उरतो सोन्याचांदीचा मणी. तो ठोकून, पट्टी लाटून नायट्रिक आम्लात उकळतात. चांदी विरघळते, सोने राहते, ते पुन्हा तोलायचे. नमुना मोडावा लागतो, वेळही जातो. तरी इतका भरवशाचा निकाल दुसऱ्या पद्धतीने क्वचितच मिळतो.

भारतीय मानक ब्यूरोने सोन्यासाठी हॉलमार्क, म्हणजे कसाची हमी देणारा शिक्का, २००० मध्ये आणला. १६ जून २०२१ पासून तो टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरांकी ओळख क्रमांकही बंधनकारक आहे. खरेदीआधी हा क्रमांक ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर जरूर पडताळावा.

चांदीला मात्र ही अग्निपरीक्षा तितकी मानवत नाही, कारण तिचा थोडा अंश मुशीतच मुरतो. तिचा नमुना आम्लात विरघळवून अनुमापनाने कस काढतात.