मातीच्या बैलाचें छायाचित्र

माझ्या बालपणाचें एकहि छायाचित्र अस्तित्वांत नाहीं. मागच्या महिन्यांत देवणीच्या घरीं मीं एक छायाचित्र काढलें, तें एका मातीच्या बैलाचें आहे.

देवणीचें नांव गुरांच्या बाजारांत सर्वांस ठाऊक आहे. पांढऱ्या अंगाचा व काळ्या गालांचा तो वानेरा, निखळ पांढरा तो बालंक्या, आणि अंगावर काळे डाग विखुरलेला तो शेवरा; असे तेथील गोवंशाचे तीन भेद. आम्हां मुलांस हे भेद मुळाक्षरांच्या आधीं येत. परंतु माझे वडील शिक्षक. आमच्या दावणीला बैल नव्हता. म्हणून श्रावणी अमावास्येस, पोळ्याला, आमच्या घरीं पूजा होई ती मातीच्या जोडीची. 1952 सालच्या जोडीपैकीं एकाच्या गालांस मीं चुलीची काजळी फांसून त्याला वानेरा केलें, आणि विसर्जनाच्या वेळीं तो कोनाड्यांत दडविला. आईनें तें पाहिलें असावें. ती बोलली मात्र नाहीं. यंदा घराचें माळवद उतरवितांना तो सांपडला.

छायाचित्रणाची कला पॅरिसमध्यें 1839 साली जाहीर झाली आणि 1854 मध्यें मुंबईंत तिच्या उपासकांची संस्थाहि निघाली. आमचा उदगीरचा मुलूख तेव्हां निजामाच्या राज्यांत होता. पुढें 1956 पर्यंत तो बीदर जिल्ह्यांत मोडे. त्या राज्यांत लाला दीनदयाळ यांनीं सहाव्या निजामाचे दरबार, शिकारी व महाल उत्तम टिपले. पण दरबारापासून शिक्षकाच्या ओसरीपर्यंत यावयास त्या कलेला फार वर्षें लागलीं. आमच्या घरांत पहिलें छायाचित्र आलें तें माझ्या परीक्षेच्या अर्जासाठीं. तोंवर मला मिसरूड फुटलें होतें!

बैल अंगणांत ठेवून मीं प्रथम उभ्यानेंच चित्र घेतलें. दिसलें तें मातीचें ढेकूळ. मग नातवंडें हंसत असतां मी जमिनीवर पालथा पडलों व डोळा बैलाच्या डोळ्याशीं आणला. आतां तो असा उभा राहिला, कीं जणूं खरोखरीचा वळूच! बालपणीं मी त्याला याच उंचीवरून पाहत असें.

तथापि या चित्रांत एक लबाडी होती. पुणें जिल्ह्यांत, घोड नदीच्या कांठीं इनामगांव येथें डेक्कन कॉलेजनें 1968 पासून उत्खनन केलें. तेथें तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची, न भाजलेल्या मातीची एक स्त्रीमूर्ति आणि तिच्यासह एक बैल मिळाला. तो पूजेंतला असावा, खेळण्यांतला नव्हे. पण माती तीच. उत्खननाच्या छायाचित्रांत वस्तूजवळ मोजपट्टी ठेवण्याची रीत आहे. नाहींतर वीतभर वस्तु व पुरुषभर वस्तु यांतील भेद कागदावर कळत नाहीं.

माझ्यापाशीं मोजपट्टी नव्हती. मीं बैलाशेजारीं स्वतःचा पंजा ठेवला. ज्याला पूर्वी दोन्ही हातांनीं उचलावें लागे, तो चार बोटांच्या आड लपेल एवढाच निघाला. बैल तर आटला नव्हता. सुरकुतलेला पंजा व काजळीचा गाल, दोन्ही चित्रांत स्पष्ट उमटले आहेत.

उजवें शिंग मोडलेलें आहे. तें कोनाड्यांतच मिळालें. सुनेनें तें चिकटवून देऊं केलें. मीं नको म्हटलें. चित्रांत तें बैलाच्या पायाशीं ठेवलेलें दिसतें.