पाहुण्याचे मैदान

ऑक्टोबरातल्या एका शनिवारची गोष्ट. रात्रीचे दहा वाजले असतील. मोरव्याच्या माझ्या घरी अमेरिकेतून एका माजी विद्यार्थ्याचा फोन आला. मुलगा भाईंदरचा. वडील बिगारी, आई धुणीभांडी करणारी. घराण्यातला तो पहिला पदवीधर, आणि मीही माझ्या घराण्यातला पहिलाच. त्या अर्थाने आम्ही दोघे एकाच इयत्तेतले. ऑगस्टपासून तो मिशिगन राज्यात एम. एस. करतो आहे. तो सांगत होता, "सर, आज इथे सगळे शहर मैदानाकडे निघाले आहे. म्हातारेकोतारे, तान्ही मुले, प्राध्यापक, दुकानदार, सगळ्यांच्या अंगावर एकाच रंगाचे कपडे. कॉलेजच्या पोरांचा सामना बघायला एवढी माणसे! मला इथे कोणी ओळखत नाही. पण शेजारच्या एका गोऱ्या आजोबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आपल्या डब्यातले खायला दिले. जात विचारली नाही, सर." मग थोडा थांबून त्याने विचारले, "बाबासाहेब इकडे होते तेव्हाही असेच होते का?"

त्याला फोनवर नीट उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे ते राहिलेले उत्तर आहे.

त्याचे आश्चर्य आपण समजून घेतले पाहिजे. आपल्याकडे महाविद्यालयाचा सामना म्हणजे क्रीडाशिक्षक, राखीव खेळाडू आणि तास बुडवून आलेली दहा-वीस मुले. गर्दी होते ती गावाच्या संघासाठी. राई, मुर्धा, मोरवा या आमच्या पट्ट्यात गावाच्या नावाचा संघ उतरला की मैदानाभोवती माणसे उभी राहतात. अमेरिकेत हे स्थान महाविद्यालयाच्या संघाला आहे. ॲन आर्बर येथील मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात 1,07,601 माणसे बसतात. विद्यापीठाचे स्वतःचे एवढे मोठे मैदान ही कल्पनाच आपल्याला नवी आहे. परदेशातून गेलेला विद्यार्थी हे पाहून भारावला तर त्यात नवल नाही. त्यातून तो विद्यार्थी आपल्या वस्तीतला असला, तर खांद्यावर पडलेला तो अनोळखी हात तो जन्मभर विसरत नाही.

ही खेळसंस्कृती बाबासाहेबांच्या आधीची आहे. रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन महाविद्यालयांतील पहिला फुटबॉल सामना 6 नोव्हेंबर 1869 रोजी झाला. पुढच्या 30-35 वर्षांत हा खेळ इतका हिंस्र झाला की मैदानावर मुले मरू लागली. ऑक्टोबर 1905 मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना बोलावून समज द्यावी लागली. या प्रक्षोभातून 1906 साली महाविद्यालयीन खेळांवर देखरेख ठेवणारी राष्ट्रीय संघटना जन्माला आली. आज तिला एन.सी.ए.ए. म्हणतात. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने तर 1905 च्या हंगामानंतर फुटबॉल बंदच करून टाकला. तो पुन्हा सुरू झाला 1915 साली.

बाबासाहेब कोलंबियात आले जुलै 1913 मध्ये आणि तेथून लंडनला गेले जून 1916 मध्ये. म्हणजे त्यांच्या तीन वर्षांपैकी पहिली दोन वर्षे विद्यापीठात फुटबॉल नव्हता आणि शेवटच्या वर्षी तो परत आला. ते प्रथम ज्या हार्टली हॉल या वसतिगृहात उतरले आणि नंतर ज्या लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये राहिले, त्या दोन्ही इमारतींसमोरच साऊथ फील्ड हे विद्यापीठाचे मैदान होते. तेव्हा माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर असे की, होय, मैदान बाबासाहेबांच्या दारातच होते.

परंतु त्यांना मैदानावर घालवायला वेळ कुठला? बडोद्याच्या महाराजांची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती, तीही तीन वर्षांच्या मुदतीची. त्या मुदतीत अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास, मानववंशशास्त्र यांतले जेवढे पदरात पडेल तेवढे घ्यायचे होते. 1915 मध्ये ते एम. ए. झाले आणि 9 मे 1916 रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला. त्यांचे मैदान ग्रंथालय होते. तरीही त्या परिसरात वावरणे हाच त्यांच्यासाठी केवढा पालट होता! साताऱ्याच्या शाळेत ज्या मुलाला घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागले, शिपाई नसला तर ज्याला पाणी मिळत नसे, मुंबईच्या शाळेत जो फळ्याकडे निघाल्याबरोबर वर्गातल्या मुलांनी फळ्यामागचे आपले डबे हलवले, तो आता वर्गात सगळ्यांबरोबर बाकावर बसत होता आणि त्याच्या स्पर्शाने कोणाचे काही विटाळत नव्हते.

येथेच थांबलो तर आपला लेख अमेरिकेची स्तुती ठरेल. उत्तराचा दुसरा अर्धा भाग कडू आहे.

1915 च्या शरद ऋतूत, कोलंबियात फुटबॉल परतला त्याच हंगामात, न्यूयॉर्कपासून सुमारे 50 किलोमीटरवर असलेल्या न्यू ब्रन्सविकच्या रटगर्स महाविद्यालयात पॉल रोब्सन नावाचा 17 वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा शिष्यवृत्तीवर दाखल झाला. त्याचे वडील गुलामीतून पळून सुटलेले. संघनिवडीच्या सरावात त्याच्या स्वतःच्याच महाविद्यालयातल्या गोऱ्या मुलांनी त्याचे नाक फोडले, खांदा दुखावला आणि पुढे त्याच्या हातावर बुटाची टाच दिली. तो हटला नाही. संघात आला. पण ऑक्टोबर 1916 मध्ये दक्षिणेतील वॉशिंग्टन अँड ली महाविद्यालयाने काळ्या खेळाडूविरुद्ध खेळणार नाही असे कळवले, आणि रटगर्सने आपल्या या खेळाडूला बाहेर बसवले. तो सामना रटगर्सच्या 150 व्या वर्धापनदिनाच्या उत्सवातला होता. 1917 आणि 1918 या दोन्ही वर्षी देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंत ज्याची निवड झाली, जो 1919 साली आपल्या वर्गात अग्रणी ठरला आणि पुढे कोलंबियातूनच कायद्याची पदवी घेऊन जगप्रसिद्ध गायक झाला, त्या माणसाची ही कथा. महाविद्यालयीन फुटबॉलच्या सन्मान-दालनात त्याचे नाव 1995 साली लागले. तोवर त्याच्या मृत्यूला 19 वर्षे झाली होती.

एकाच काळातले हे दोन विद्यार्थी आपण शेजारी शेजारी ठेवले पाहिजेत. भारतातला अस्पृश्य अमेरिकेत माणूस म्हणून वावरू शकला, कारण तिथल्या उतरंडीत त्याची पायरी ठरलेली नव्हती. तो पाहुणा होता. रोब्सन त्या घरातलाच होता, म्हणून त्याची पायरी जन्मतःच ठरलेली होती. पाहुण्याला ओसरी दिसते. परसदारी कोणाला उभे करतात, हे घरातल्या माणसाला विचारावे लागते. बाबासाहेब ओसरीवर भुलले नाहीत. गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना त्यांनी पुढे आपल्या लेखनात केली. 1946 साली त्यांनी डू बॉइस यांना पत्र लिहिले, अस्पृश्य आणि निग्रो यांच्या स्थितीतील साम्य नोंदवले आणि निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली. पाहुणचार घेऊन आलेल्या माणसाने घरातल्या वंचितांशी जोडलेले हे नाते आहे.

रोब्सनला बाहेर बसवणाऱ्यांना नावे ठेवण्यापूर्वी आपण आपल्या मैदानाकडे वळू. त्याच काळात मुंबईत सामने होत ते धर्मवार. पारशी, हिंदू, युरोपियन आणि 1912 पासून मुसलमान असे चौरंगी सामने. मग अस्पृश्याने कोणत्या संघातून खेळायचे? पळवणकर बाळू हा चांभार समाजातला डावखुरा फिरकी गोलंदाज. पुण्याच्या युरोपियनांच्या जिमखान्यात तो महिना चार रुपयांवर मैदानाची कामे करी आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करी. त्याचे कसब पाहून पुण्याच्या हिंदूंनी त्याला संघात घेतले. मैदानात त्याने टाकलेला चेंडू सगळे झेलत. चहाच्या वेळी मात्र त्याला बाहेर, मातीच्या भांड्यात चहा मिळे. 1906 साली हिंदू संघाने युरोपियनांना 109 धावांनी हरवले, तेव्हा संघात बाळू आणि त्याचा भाऊ शिवराम होते. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूने 114 बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला मिळाले नाही. ते त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याला 1923 साली मिळाले, आणि त्या वर्षी हिंदू संघ जिंकला.

रोब्सन आणि बाळू यांत पृथ्वीच्या दोन टोकांचे अंतर आहे, पण दोघांशी व्यवहार एकच झाला. संघाला त्यांचा हात हवा होता. त्या हाताचा धनी पंक्तीला नको होता. आणखी एक गोष्ट कटू असली तरी सांगितली पाहिजे. 1937 च्या निवडणुकीत मुंबईत बाबासाहेबांविरुद्ध काँग्रेसने उभा केला तो हाच बाळू. बाबासाहेबांना 13,245 मते पडली, बाळूला 11,225. बाळूच्या गुणांविषयी आपल्या मनात आदरच असावा. पण एकटा गुणी माणूस व्यवस्थेला खुशाल चालतो, उलट त्याला दाखवून ती स्वतःची उदारता सिद्ध करते. तिला संघटित समाजाची भीती वाटते. खेळातले यश आपल्याला कुठवर नेते आणि कुठे सोडते, हे यावरून कळावे.

अमेरिकेतील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी हे ओळखले तेव्हा मैदानाचा अर्थ बदलला. आयोवा राज्य महाविद्यालयाचा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू जॅक ट्राइस मिनेसोटाविरुद्धच्या सामन्यात जबर जखमी होऊन 8 ऑक्टोबर 1923 रोजी वारला. सामन्याच्या आदल्या रात्री त्याने लिहिलेल्या चिठ्ठीत आपल्या वंशाची, कुटुंबाची आणि स्वतःची अब्रू पणाला लागल्याचे म्हटले होते. 1970 नंतरच्या दशकात तेथील विद्यार्थ्यांनी मागणी केली की विद्यापीठाच्या नव्या क्रीडागाराला ट्राइसचे नाव द्या. अधिकारी वर्षानुवर्षे टाळत राहिले. 1984 साली तडजोड झाली: इमारतीला 'सायक्लोन' हे नाव आणि आतल्या हिरवळीला तेवढे ट्राइसचे! पूर्ण नाव लागायला 1997 उजाडले.

हे वाचताना मराठवाडा विद्यापीठाचे नामांतर कोणाला आठवणार नाही? विधिमंडळाचा ठराव 27 जुलै 1978 चा. त्यानंतर घरे जळाली, माणसे गेली, लाँग मार्च झाला, आणि 14 जानेवारी 1994 रोजी पदरात पडला तो नामविस्तार. तिकडे मैदानाचा तुकडा दिला, इकडे नावाचा तुकडा दिला. आमच्या माणसांनी दिलेली किंमत कितीतरी अधिक होती, हा फरक विसरता येत नाही. पण अर्धे देऊन पुरे मागणाऱ्याला गप्प करायचे, ही प्रस्थापितांची रीत दोन्हीकडे सारखीच दिसते.

1967 साली सान होजे येथील महाविद्यालयातला तरुण समाजशास्त्र-शिक्षक हॅरी एडवर्ड्स याने कृष्णवर्णीय खेळाडूंना संघटित केले. तेथलेच धावपटू टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस यांनी 16 ऑक्टोबर 1968 रोजी मेक्सिको ऑलिंपिकच्या विजयमंचावर काळे हातमोजे घातलेल्या मुठी उगारल्या. 1969 साली वायोमिंग विद्यापीठाने 14 कृष्णवर्णीय खेळाडूंना संघातून काढले. त्यांचा अपराध एवढाच की निषेधाची काळी फीत बांधून खेळायची त्यांची इच्छा होती. 1966 साली ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर आणि 1972 साली मुंबईत दलित पँथर स्थापन झाली, ती याच वर्षांच्या आगेमागे. आपल्या शिक्षक मित्रांनी एडवर्ड्सचे उदाहरण विशेष ध्यानात घ्यावे. तो स्वतः खेळाडू होता, शिक्षक होता, आणि वर्गाबाहेरही शिकवत होता.

आता उरला पैशाचा प्रश्न. एक लाख माणसे तिकीट काढतात, दूरदर्शनवाल्या कंपन्या पैसा ओततात, प्रशिक्षकांना गडगंज पगार मिळतात. खेळणाऱ्या पोराला काय मिळते? 1955 साली रे डेनिसन नावाचा खेळाडू कोलोरॅडोतील एका महाविद्यालयासाठी खेळताना डोक्याला मार लागून मेला. त्याच्या विधवेने कामगार म्हणून भरपाई मागितली. 1957 साली न्यायालयाने ती नाकारली, कारण तो विद्यार्थी होता, नोकर नव्हता. 'विद्यार्थी-खेळाडू' हा गोंडस शब्द एन.सी.ए.ए.ने त्याच दशकात रूढ केला. घाम कामगाराचा, हक्क मात्र विद्यार्थ्याचे, तेही अपुरे. आपल्या महार-मांगांच्या बलुत्याचा इतिहास ज्याला ठाऊक आहे, त्याला यातली मेख समजावून सांगावी लागणार नाही. जून 2021 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने एन.सी.ए.ए.विरुद्ध एकमताने निकाल दिला, जुलै 2021 पासून खेळाडूंना आपल्या नावावर पैसे मिळवता येऊ लागले आणि 2025 च्या न्यायालयीन समझोत्यानंतर विद्यापीठांना थेट खेळाडूंना पहिल्या वर्षी सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत वाटण्याची मुभा मिळाली. दीडशे वर्षे ज्यांच्या अंगमेहनतीवर हा खेळ उभा राहिला, त्यांना मोबदला मिळू लागला तो कोर्टात भांडल्यावर.

माझ्या विद्यार्थ्याला मी दुसऱ्या शनिवारी फोन केला. म्हटले, "आजोबांनी डब्यातले दिले ते आनंदाने खा. तो हात खोटा नाही. पण पाहुणा म्हणून मिळालेल्या मानावरून घराची परीक्षा करू नकोस. संघातल्या काळ्या पोरांना जाऊन भेट. त्यांच्यातले किती जण पदवी घेऊन बाहेर पडतात ते विचार. गुडघा मोडला तर शिष्यवृत्तीचे काय होते ते विचार." तो म्हणाला, "सर, असे विचारले तर त्यांना राग नाही येणार?" मी म्हटले, "तू कुठून आलास ते आधी सांग. मग नाही येणार."

फोन ठेवल्यावर वाटले, हे प्रश्न मी त्याला सात समुद्रापार विचारायला सांगतो आहे. स्वतः कधी विचारले? आमच्या महाविद्यालयाच्या संघात वस्तीतली पोरे आहेत. सामना जिंकला की आम्ही त्यांच्या गळ्यात हार घालतो. त्यांच्यातला शेवटच्या वर्षापर्यंत कोण टिकला आणि मधेच कामाला कोण लागला, याची यादी मी आजवर केलेली नव्हती. ती आता करायला घेतली आहे. वाचणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने आपापल्या महाविद्यालयापुरती ती करावी. मग ती एकमेकांना दाखवू.