दोष होता निराळ्याच जागी

बद्धकोष्ठ हा काही चारचौघांत काढण्याचा विषय नव्हे, अशी आपली समजूत आहे. घरोघरी एरंडेल आणि मनुका यांवर त्याचा निकाल लागत आला. बहुतेक मुलांचे बद्धकोष्ठ आहार, सवय व औषध यांनी बरे होते, हेही खरेच. परंतु सुमारे पाच हजार अर्भकांत एखादे असे जन्मते, की त्याच्यापुढे हे सारे उपाय थकतात. त्या मुलांना शस्त्रक्रियेचा गुण येऊ लागला तो विसाव्या शतकाच्या मध्यावर. इतका विलंब का लागला, हे पाहण्याजोगे आहे.

कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ हाराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी १८८६ साली बर्लिन येथे दोन अर्भकांची हकीकत सांगितली. दोघांनाही जन्मापासून शौच होत नव्हते, पोटे नगाऱ्यासारखी फुगली होती, आणि वर्ष पुरे होण्याआधीच दोघेही दगावले. शवविच्छेदनात मोठे आतडे अतोनात फुगलेले व जाड झालेले आढळले. त्याखालचा गुदाशय मात्र फुगलेला नव्हता. हिर्शस्प्रुंग यांनी अनुमान काढले, की आतडे जन्मतःच मोठे असणे हाच रोग. रोगाला त्यांचे नाव मिळाले, आणि त्यांचे अनुमानही त्याबरोबर रूढ झाले.

मग शस्त्रवैद्यांनी काय केले? फुगलेला भाग कापून काढला. काही दिवस बरे वाटे, आणि राहिलेले आतडे पुन्हा फुगे. १९२७ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात कमरेजवळचे मज्जातंतू छेदण्याचा प्रयोग झाला, पण त्यानेही टिकाऊ गुण आला नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचाच हा प्रकार होता!

आतड्याच्या भिंतीत मज्जापेशींचे जाळे असते. आतडे पुढे ढकलते, सैल पडते, ते त्यांच्या हुकमाने. गर्भावस्थेत या पेशी मुखाच्या बाजूने गुदद्वाराकडे प्रवास करतात. हा प्रवास वाटेतच थांबला, तर शेवटचा भाग त्यांच्यावाचून राहतो. तो सैल पडतच नाही. पाटाचे दार उघडले नाही म्हणजे वरच्या अंगाला पाणी तुंबते, तसा मळ तुंबतो, आणि तो ढकलण्याच्या श्रमाने वरचे निरोगी आतडे जाड होते, फुगते. रोगट भाग दिसायला साधा, आणि निरोगी भाग दिसायला भयंकर!

या पेशींची उणीव टिटेल यांनी १९०१ मध्ये आणि इटलीतील दाल्ला व्हाल्ले यांनी १९२० मध्ये नोंदविली होती. पण तिकडे फारसे कोणी पाहिले नाही. तपासणीचा तुकडाही बहुधा फुगलेल्या भागातूनच घेतला जाई, आणि तेथे पेशी जागच्या जागी असत.

ही कोंडी बोस्टनमध्ये ऑर्व्हर स्वेन्सन यांनी फोडली. आतड्याचे तोंड पोटावर काढून दिलेली मुले सुधारत, आणि ते तोंड बंद करून आतडे पूर्ववत जोडले की पुन्हा आजारी पडत, ही गोष्ट त्यांनी मनावर घेतली. अडथळा खाली आहे, हे उघड झाले. आतड्यात फुगे घालून हालचाल मोजली, तेव्हा शेवटच्या भागात पुढे ढकलणारी लाट येतच नाही असे दिसले. मग तोच भाग काढून, वरचे निरोगी आतडे खाली ओढून गुदद्वाराजवळ जोडण्याची शस्त्रक्रिया त्यांनी आधी कुत्र्यांवर करून पाहिली, आणि १९४८ साली बिल यांच्यासह प्रसिद्ध केली. मज्जापेशींचा अभाव निर्विवाद ठरविणारे निबंधही त्याच वर्षी निघाले.

पुढे पॅरिसच्या द्युआमेल यांनी १९५६ मध्ये व इटलीच्या सोआव्हे यांनी १९६४ मध्ये निराळ्या पद्धती काढल्या. १९९८ साली मेक्सिकोच्या शस्त्रवैद्यांनी पोट न उघडता, गुदमार्गानेच हे काम करून दाखविले. आज गुदाशयाचा इवलासा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून निदान पक्के करता येते. शस्त्रक्रियेनंतरही काही मुलांना बद्धकोष्ठाचा किंवा शौचावर ताबा नसण्याचा त्रास राहतो, हे सांगितले पाहिजे. पण बहुसंख्य मुले जगतात, वाढतात, शाळेत जातात.

म्हणून जन्मल्यावर दोन दिवसांत बाळाला पहिली काळी शी झाली नाही, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये, डॉक्टरांना दाखवावे. हिर्शस्प्रुंग यांनी जे पाहिले ते अचूक नोंदवून ठेवले. चुकले ते फक्त अनुमान. फुगले तेच बिघडले, असे डोळ्यांनी सांगितले आणि साठ वर्षे बुद्धीने ते मानले. त्याची किंमत मात्र तान्ह्या लेकरांनी भरली.